पाठमोरी हडळ

बनाबाई शिंगे माहितीपटात दिसता कामा नये, ही आप्पासो मगदुमांची पहिली अट होती. हडळीचं काम निशादेवींनी केलं, असं निवेदनात ठळकपणे यायला हवं, ही दुसरी. दोन्ही मान्य असतील तरच जुन्या सिनेमांच्या प्रिंट मिळतील, असं त्यांनी २००३ च्या उन्हाळ्यात शिवाजी पेठेतल्या आपल्या घरी अपूर्वा उपाध्येला सांगितलं. चहा विचारला नाही.

"पुण्याची हाईस न्हवं? मग दोनदा सांगाय नको," असं म्हणून ते आत गेले.

अपूर्वा पुण्याची नव्हती. ती कोल्हापुरातच वाढली होती. नव्वदच्या दशकात इथल्या केबलवाल्यांनी शनिवारी दुपारी आप्पासोंचे भुताचे सिनेमे दाखवायला सुरुवात केली तेव्हा ती शाळेत होती. 'पाणंदीतली बाई' लागला त्याच्या पुढच्या आठवड्यात वर्गातल्या निम्म्या मुली घोळका करून घरी जात होत्या. आता ती पुण्यात एका वाहिनीसाठी काम करत होती आणि हे सिनेमे कसे तयार झाले, यावर तासाभराचा माहितीपट करत होती.

आप्पासोंनी सत्तरच्या दशकात असे पाच सिनेमे काढले. त्यांत नायिका निशादेवी होत्या. पुढे त्या मगदूमबाई झाल्या. पण नायिका कोणाला आठवत नव्हती. लोकांना आठवत होती ती हडळ. तिचा चेहरा प्रेक्षकांकडे असे, पावलं उलटी असत आणि तरीही ती प्रेक्षकांकडेच चालत येई.

युक्ती साधी होती. मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा. स्वतःच्या तोंडावर गंगावनाच्या बटा सोडायच्या. लुगडं आणि झंपर पुढचं मागे करून घालायचं. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून उलटं चालत त्याच्या जवळ यायचं. पडद्यावर मुखवटा समोरून दिसे आणि टाचा पुढे. हात मागे वळवून पसरले की कोपरं भलत्या बाजूला मोडल्यासारखी वाटत. चालणारीला समोरची मोकळी भिंत सोडून काही दिसत नसे, आणि तिचा स्वतःचा चेहरा एकाही दृश्यात येत नसे.

भांडण त्यावरूनच होतं. त्या काळातल्या पोस्टरवर 'निशादेवी दुहेरी भूमिकेत' असं छापलं होतं. मुखवटा बांधणारा रंगभूषाकार आणि कॅमेरामन दोघंही वारले होते. मुखवट्याच्या आत कोण होतं, हे सांगू शकणारे तिघंच उरले होते आणि त्यांतले दोघं नवरा-बायको होते.

तिसरीचा फोन अपूर्वाला लॉजवर आला.

"तू ती भुताच्या शिनेमाची माहिती गोळा करत हिंडतीस ती पोरगी?"

"हो. आपण कोण?"

"हडळ," पलीकडून उत्तर आलं. "बनाबाई शिंगे बोलतोय, बावड्यातनं. त्या निशाचं ऐकून काय घालशील त्यात, तर सगळं खोटं घालशील. उद्या ये."

कसबा बावड्यातलं घर नवं, दोन मजली होतं. बनाबाईंचा मुलगा प्रसेनजीत विमा कंपनीत अधिकारी होता. त्याने दारातच अपूर्वाला अडवलं. "मॅडम, आईचं वय बघा. आयुष्यभर दवाखान्यात नोकरी करून मला शिकवलंय तिनं. आता टीव्हीवर तिची ओळख काय, तर हडळ? गल्लीतली पोरं हाक मारतील."

"मारू देत की," आतून बनाबाई ओरडल्या. "तीस वर्सं दुसरीला मारत्यात, तवा तुला काय वाटलं न्हाय. हो बाजूला."

त्या उंच आणि ताठ होत्या. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत. हकिगत त्यांनी भराभर सांगितली. गारगोटीजवळचं माहेर, लग्न होऊन कोल्हापूर, स्टुडिओत गर्दीच्या दृश्यांत उभं राहायचं काम. हडळीसाठी बाई मिळेना. मुखवटा बघूनच बायका पळत. आप्पासो वैतागून गर्दीकडे वळले आणि विचारलं, भुताला न भिणारं कोण आहे?

"मी हात वर केला. आमच्या घरात भूतबित मानत न्हाईत. सासऱ्यांनी धर्म बदलला तवाच देव्हाऱ्यातलं सगळं पंचगंगेत सोडलं हुतं. मी म्हटलं, मुखवट्याला काय भ्यायचं? कागदाचा लगदा तो. पाचीच्या पाची शिनेमात मी चाललोय, पोरी. पाठीमागं विहीर, दगड, इस्तू. एकदा घोटा मोडला."

"मग तुमचं नाव का नाही?"

"त्यालाच इचार. पोस्टर बघून मी गेलतो त्याच्याकडं. म्हटला, बने, हडळीला कुटं नाव असतंय व्हय? आन मग हिला कसं दिलंस रे?"

त्यांचा राग नुसता पोस्टरवर नव्हता. १९९४ च्या गणपतीत एका मंडळाने निशादेवींचा 'आपल्या कोल्हापूरची हडळ' म्हणून सत्कार केला. निशादेवींनी माईकवर ती प्रसिद्ध किंकाळी मारून दाखवली. गर्दीत बसलेल्या बनाबाई उठून 'खोटं हाय!' म्हणाल्या, तेव्हा कार्यकर्त्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. ज्या चौकातून काढलं, तिथून त्या पुन्हा कधी गेल्या नव्हत्या.

"मला काय नको," त्या म्हणाल्या. "हार नको, शाल नको. पडद्यावर लिवून यायला पायजे, हडळ म्हणजे बनाबाई शिंगे. मी मरायच्या आत."

"पुरावा काय आहे पण?"

"पुरावा?" बनाबाई भडकल्या. "तोंड कुटं दिसतंय त्यात माझं, पुरावा द्यायला!"

अपूर्वाने दुसऱ्या दिवशी निशादेवींची मुलाखत घेतली. त्यांनी जरीची साडी नेसली होती आणि त्या नाटकातल्यासारखं शुद्ध बोलत होत्या. हडळीच्या चालण्याचं त्यांनी बारकाईने वर्णन केलं: टाच आधी कशी टेकायची, मान कशी स्थिर ठेवायची. ऐकीव माहितीवर इतकं सांगता आलं नसतं. "प्रत्येक शॉटला मी तिथंच होते," त्या म्हणाल्या. "किंकाळीसुद्धा जागेवरच टेपवर घेतलेली. नंतर स्टुडिओत तशी निघायचीच नाही." आणि त्यांनी किंकाळी मारली. कॅमेरामन कृष्णातच्या हातातला चहा सांडला.

"बनाबाई म्हणतात—" अपूर्वाने सुरुवात केली.

"ती बाई काहीही म्हणेल," निशादेवींनी तोडलं. "तिचं नाव या घरात काढायचं नाही."

शेवटी अपूर्वाने सुचवलं की निशादेवींनी जुन्या फ्लोअरवर एकदा तसं चालून दाखवावं. आप्पासोंना ते आवडलं नाही, पण निशादेवी लगेच हो म्हणाल्या.

स्टुडिओचा तो फ्लोअर आता एका मंडपवाल्याचं गोदाम होता. खुर्च्यांच्या थप्प्या आणि गुंडाळलेल्या कनाती बाजूला सारून मधे वाट केली. सकाळचे अकरा वाजले होते. जुना मुखवटा आप्पासोंनी फडक्यात गुंडाळून आणला होता. त्याचा रंग उडाला होता आणि एक कान तुटला होता. निशादेवींनी तो मागे बांधला, बटा पुढे घेतल्या, लुगड्याचा पदर उलटा टाकला. कृष्णातने कॅमेरा सुरू केला, तेवढ्यात दारात बनाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"हिला कुणी सांगितलं?" आप्पासो अपूर्वावर खेकसले.

"कुणी कशाला सांगाय पायजे? गावभर बोंब हाय, हडळ पुन्यांदा चालणार म्हणून. म्हटलं बघून तर येऊ, कशी चालतोय ती मी."

"गप उभी ऱ्हा. न्हायतर भाईर हो."

"गपच हाय."

निशादेवी चालू लागल्या. पहिली काही पावलं तंतोतंत होती. मुखवटा स्थिर, टाचा पुढे, हात मागून पसरलेले. कृष्णात हळूच "आयला" म्हणाला. मग त्या डावीकडे सरकू लागल्या. कोणीच काही बोललं नाही. त्या तशाच तिरक्या येत राहिल्या आणि खुर्च्यांच्या थप्पीवर आदळल्या. खुर्च्या कोसळल्या.

"सरळ चाल की!" बनाबाई मोठ्याने हसल्या.

निशादेवींनी मुखवटा ओरबाडून काढला आणि कोपर चोळत खुर्चीकडे निघाल्या. "झालं ना तुमचं? बंद करा आता."

कॅमेरा चालूच होता. त्याच्या शेजारी उभे असलेले आप्पासो एकाएकी पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थांबा. सगळी भाईर व्हा. हसायचा शॉट ऱ्हायलाय."

कोणी हललं नाही.

"निशा, हिकडं तोंड कर. कॅमेऱ्यात बघ. हास."

"कसला हसायचा शॉट?" निशादेवी थबकल्या. "अहो, काय बोलताय?"

"हास म्हणतोय न्हवं! हास आन नाव घे तुझं! तसंच उठून जातीस व्हय?" आप्पासोंचा आवाज चिरकला. ते दटावत नव्हते, घाबरले होते.



"ती कशी हसंल, मालक?" बनाबाई दारातून सरळ कॅमेऱ्यासमोर आल्या. "तिला कुटं ठावं हाय? सांगा की तिला. न्हाईतर मी सांगतो."

आप्पासोंनी सांगितलं नाही. बनाबाईंनी सांगितलं. हडळीचा शॉट झाला की आप्पासो सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेत. आत फक्त ते, कॅमेरामन आणि हडळ. मग हडळीने मुखवटा काढायचा, कॅमेऱ्याकडे तोंड करून हसायचं आणि स्वतःचं नाव घेऊन 'मी जित्ती हाय' म्हणायचं. ते फिल्मवर घेतल्याशिवाय आप्पासो तिला घरी सोडत नसत. नाहीतर भूत अंगाला चिकटतं, अशी त्यांची समजूत होती. रोजचा आचरटपणा म्हणून बनाबाई तो उरकत. त्यात कोणाला दाखवण्यासारखा पुरावा आहे, हे तीस वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणून मला बाहेर काढायचात?" निशादेवींनी विचारलं. त्यांचं शुद्ध बोलणं इथे सुटलं. "दार लावून आत ही हसायची. मी भाईर उनात उभी. रोज. मला काय वाटत असंल, कधी इचार केलासा?"



"कॅमेरामन हुता की आत," बनाबाई म्हणाल्या.

"तू तोंड उघडू नकोस! तुझं नाव त्या पोस्टरवर येऊ दिलं न्हाय ते मी. ह्यांनी न्हाय, मी! म्हटलं, एवढी हसतीस आत, तर ऱ्हा बिननावाची."

बनाबाईंनी निशादेवींकडे नीट पाहिलं आणि मग आप्पासोंकडे वळल्या.

"ती फिलीम कुटाय?"

"जाळली."

"मग मी जित्ती कशी?"

आप्पासोंनी मान खाली घातली.

"तुमीच सांगितल्यालं, मालक. ह्या तुकड्यावर जित्त्या माणसाचं तोंड हाय, ह्ये टाकायचं न्हाय, जाळायचं न्हाय, न्हाईतर ते माणूस जातंय. मी न्हाय मानत. तुमी मानतासा. मी हितं उभी हाय म्हणजे फिलीम घरात हाय. आणा."

दोन दिवसांनी आप्पासोंनी अपूर्वाला पुन्हा घरी बोलावलं. या वेळी अट एकच होती. गोदामात निशादेवी जे बोलल्या ते पडद्यावर यायचं नाही. "नुसतं ते न्हवं, तिचं तोंडच नको त्यात. मुलाखत, चालणं, सगळं काढ. गावात तिचं हसं नको. प्रिंटा ने आन ह्यो डबाबी ने."

"त्यांना विचारलंय तुम्ही?"

"माझ्या बायकोचं मी बघतो."

अपूर्वाने क्षणभर विचार केला आणि डबा उचलला. तो दिवाळीच्या फराळाचा, पत्र्याचा डबा होता आणि त्याला आतल्या कुजत्या फिल्मचा, व्हिनेगरसारखा वास येत होता.

बरेच तुकडे एकमेकांना चिकटले होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यातले थोडे सुटले. त्यात तरुण बनाबाई होत्या. गळ्याखाली हडळीचं उलटं झंपर, हातात मुखवटा, कपाळावर घाम. त्या दर वेळी कॅमेऱ्याकडे बघून हसत आणि ओठ हलवत. आवाज मात्र नव्हता, कारण त्या शॉटला टेप बंद असे. तेव्हा अपूर्वाने बनाबाईंना पुण्याला नेलं आणि माईकसमोर उभं केलं. समोर त्यांचं तिशीच्या आतलं तोंड हललं की त्यांनी म्हणायचं, "बनाबाई शिंगे. मी जित्ती हाय." पहिल्यांदा त्या मागे पडल्या. दुसऱ्यांदा पुढे गेल्या. नंतर जमलं.

एका तुकड्यात तरुण बनाबाई हसत नव्हत्या. ओठ बराच वेळ हलत होते आणि शेवटी कोणाचा तरी हात येऊन कॅमेरा झाकत होता.

"इथं काय म्हणालात?"

"पोस्टर बघून आल्या दिवशीचं हाय ते," बनाबाई म्हणाल्या. "तुझ्या टीव्हीवर चालणार न्हाय."

माहितीपट पुढच्या जानेवारीत कोल्हापुरातल्या एका सभागृहात दाखवला. सकाळचा खेळ होता. पहिल्या रांगेत बनाबाई, प्रसेनजीत आणि त्याच्या ऑफिसातले लोक. आप्पासो आले नाहीत. निशादेवी आल्या आणि एकट्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

पडद्यावर हडळ चालत आली, किंकाळी घुमली, सभागृह दचकलं. मग ते हसरं, घामेजलेलं तोंड आलं, नाव ऐकू आलं, आणि खाली ठळक अक्षरं उमटली: हडळ – बनाबाई शिंगे. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. प्रसेनजीतही उभा राहिला. बनाबाई बसूनच होत्या.

दिवे लागल्यावर निशादेवी पुढे आल्या.

"पोरी, किंकाळी कोणाची आहे ही?"

"तुमची," अपूर्वा म्हणाली.

"पडद्यावर माझा आवाज वाजवलास. नाव कुठाय?"

"आप्पांनी सांगितलं होतं की तुम्हाला पूर्ण—"

"मला विचारलंस?" निशादेवी गर्दीकडे वळल्या. "चालणं हिचं होतं. मी खोटं बोलले, हे आता सगळ्यांनी बघितलंय. पण हिला मागचं दिसत नव्हतं. पाठीमागे विहीर असायची, विस्तव असायचा. मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून ओरडायची, त्या आवाजाच्या अंदाजानं ही सरळ यायची. त्या दिवशी गोदामात मी वाकडी का गेले? ओरडायला कोणी नव्हतं म्हणून." त्या बनाबाईंसमोर येऊन थांबल्या. "बनाबाई, तुम्ही सांगा. एवढ्या लोकांत सांगा. कोण ओरडत होतं?"

आजवर त्यांनी बनाबाईंना कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

बनाबाई सावकाश उठल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"मला काय ठावं, कोण वरडत हुतं?" त्या म्हणाल्या. "मी तर पाठमोरी हुतो."

काही लोक हसले. बनाबाई खुर्च्यांमधल्या वाटेने दाराकडे निघाल्या. प्रसेनजीत पुढे होऊन गर्दी बाजूला करत होता. निशादेवी पडद्यासमोर एकट्या उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि किंकाळी मारली. माईक नव्हता. तरी बाहेरच्या पायऱ्यांवर पोहोचलेले लोक आत धावत आले.

बनाबाई वाटेत थांबल्या. त्यांची पाठ पडद्याकडे होती. मान ताठ झाली, उजवी टाच मागे टेकली, मग डावी. न वळता त्या आवाजाकडे सरळ रेषेत उलट्या येऊ लागल्या. दोन्ही बाजूंच्या एकाही खुर्चीला त्यांचा पदर लागला नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मुलाचा दंड धरला आणि मागे न बघता भराभर बाहेर गेल्या.

"घेतलंस?" अपूर्वाने कृष्णातला विचारलं.

"काय घ्यायचं? कॅमेरा गाडीत हाय," तो म्हणाला. "कार्यक्रम संपला म्हणालीस न्हवं तू?"

निशादेवी अजून पडद्यासमोरच होत्या. त्यांनी अपूर्वाकडे पाहिलं आणि रिकाम्या वाटेकडे बोट दाखवलं.

"आता लिही," त्या म्हणाल्या. "आणि लिहिणार नसलीस, तर माझा आवाज काढ त्यातनं. मग बघू दे लोकांना तिचं चालणं."